त्वचेच्या लिम्फोमाचे पेशंट, आता फुफ्फुसात गाठ दिसली आहे. पसरलंय असंच धरायचं का?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसतं वाचत असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, वय ६७, इचलकरंजीला असतात, आख्खं आयुष्य यंत्रमागावर गेलं. २०१४ च्या सुमारास कमरेवर आणि मांड्यांवर लालसर चट्टे यायला लागले, खाज प्रचंड. आधी गजकर्ण म्हणून मलमं झाली, मग एक्झिमा म्हणाले, मग सोरायसिस, आणि शेवटी २०१८ ला स्किनच्या एका डॉक्टरांनी पुन्हा बायोप्सी घेऊन निदान लावलं, मायकोसिस फंगॉइडिस, त्वचेचा टी-सेल लिम्फोमा. तेव्हा स्टेज वन बी (म्हणजे सुरुवातीचीच) सांगितली होती. लाइट ट्रीटमेंट झाली (त्या उभ्या चेंबरमधली), चांगला फरक पडला, मध्ये परत चट्टे वाढले तेव्हा मेथोट्रेक्सेट सुरू केलं ते आठवड्यातून एकदा आजही चालू आहे. गाठी वगैरे कधी आल्या नाहीत, फक्त चट्टे. जेवणखाण, फिरणं सगळं व्यवस्थित.

आता मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं म्हणून फिटनेससाठी छातीचा एक्स-रे काढला तर उजव्या बाजूला वर डाग दिसला. सीटी केला. रिपोर्टात लिहिलंय की उजव्या वरच्या लोबमध्ये २.४ सेंटिमीटरची गाठ, कडा काटेरी, आणि खाली तीन शक्यता एकाच ओळीत: लिम्फोमा, फुफ्फुसाचा वेगळा कॅन्सर, नाहीतर टीबी. खोकला थोडा आहे पण तो त्यांना बिडीमुळे कायमच होता. बिडी तीस-पस्तीस वर्षं ओढली, निदान झाल्यावर सोडली.

एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघितल्या बघितल्या सांगितलं की त्वचेचा कॅन्सर फुफ्फुसात गेला, स्टेज फोर झाली, केमो सुरू करू. दुसरे म्हणाले आपल्याकडे टीबीच जास्त, दोन महिने एकेटी (टीबीची औषधं) देऊन बघू. आणि घरात आत्या, काका सगळे म्हणतायत की काहीही करा पण सुई लावू देऊ नका, सुई लागली की पसरतं. आई तर जेवत नाहीये नीट.

कोणाच्या घरात असं झालंय का? त्वचेच्या लिम्फोमावाल्यांना फुफ्फुसात गाठ आली की ती त्याचीच असते का? पुढे नेमकं काय करायचं, कोणत्या क्रमाने?

---

स्लाइडवाली

दादा, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, लिम्फोमाच्या स्लाइड्स रोज बघते. अण्णांना मी तपासलेलं नाही त्यामुळे निदान सांगणार नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ठाम देते. नाही, तसं धरून चालू नका. आणि तुकडा तपासल्याशिवाय केमोही सुरू होऊ देऊ नका आणि एकेटीही.

का ते सांगते. मायकोसिस फंगॉइडिस फुफ्फुसात जाऊ शकतो हे खरं आहे, त्वचा आणि लिम्फ नोड सोडून हा आजार ज्या अवयवांत जातो त्यात फुफ्फुस वरच्या नंबरावर आहे. पण हे बहुतेक वेळा ज्यांचा त्वचेचा आजार आधीच पुढे गेलेला असतो त्यांच्यात होतं. म्हणजे अंगावर मोठ्या गाठी आलेल्या आहेत, किंवा पूर्ण अंग लाल होऊन सोलवटतंय, किंवा रक्तात पेशी सापडतायत. नुसते चट्टे असलेल्या, बऱ्यापैकी ताब्यात असलेल्या पेशंटमध्ये थेट फुफ्फुसात एकच गाठ येणं हे फार विरळा. शिवाय लिम्फोमा फुफ्फुसात गेला की बऱ्याचदा दोन्ही बाजूंना, एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतो. काटेरी कडेची एकुलती एक गाठ, वरचा लोब, इतक्या वर्षांची बिडी, हे ऐकून मला आधी फुफ्फुसाचा स्वतंत्र कॅन्सर आठवतो आणि त्याच्या बरोबरीने टीबी. पण सीटीचा फोटो बघून या तिन्हींत फरक कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, पेट स्कॅनही नाही, कारण पेटमध्ये टीबीची गाठसुद्धा तशीच चमकते. पेट स्कॅनचा उपयोग कुठून तुकडा घ्यायचा आणि अजून कुठे काय आहे हे कळायला, निदानाला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तुकडा कसा घ्यायचा. नुसती बारीक सुई घालून पेशी ओढतात ती एफएनएसी इथे पुरत नाही, ट्रूकट म्हणजे कोअर बायोप्सी हवी, सीटीखाली बघून. आणि सुई घालायच्या *आधी* रेडिओलॉजिस्टला सांगायचं की पेशंटला त्वचेचा टी-सेल लिम्फोमा आहे, एक तुकडा फॉर्मालिनमध्ये द्या आणि एक साध्या सलाइनमध्ये. फॉर्मालिनमध्ये टाकलं की टीबीचे जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. सलाइनवाला तुकडा जीनएक्सपर्टला (टीबीच्या जंतूंची झटपट टेस्ट), टीबी कल्चरला आणि फंगल कल्चरला जातो (मेथोट्रेक्सेटने प्रतिकारशक्ती कमी होते म्हणून फंगसही बघायचंच). हे आधी सांगितलं नाही तर सगळा माल फॉर्मालिनच्या बाटलीत जातो आणि पेशंटला परत टेबलावर घ्यावं लागतं. असं होताना मी अनेकदा बघितलंय आणि दर वेळी जीव तुटतो.

दुसरी गोष्ट, त्वचेच्या बायोप्सीचा जुना ब्लॉक शोधून ठेवा. रिपोर्टची झेरॉक्स नको, ब्लॉक. मेणाचा छोटा ठोकळा असतो, लॅबकडे मागितला की देतात. फुफ्फुसाचा तुकडा आणि त्वचेचा तुकडा शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळाले तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. कारण बघा, फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या गाठीभोवती शरीराच्या आपल्याच टी-पेशी जमतात, भरपूर जमतात. पॅथॉलॉजिस्टला फक्त "लिम्फोमाचा पेशंट" एवढंच कळलं आणि तुकडा इवलासा असला तर या जमलेल्या पेशींनाच लिम्फोमा म्हटलं जाऊ शकतं. उलटंही होतं, स्मॉल सेल नावाचा फुफ्फुसाचा कॅन्सर असतो, त्याच्या पेशी लहान, गडद, चिरडलेल्या दिसतात, त्या लिम्फोमासारख्या वाटू शकतात. म्हणून आयएचसी करायची, म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून पेशी ओळखायची टेस्ट. सीडी३, सीडी४, सीडी७, सीडी८, सीडी३० हे लिम्फोमासाठी, टीटीएफ-१ आणि नॅप्सिन अडेनोकार्सिनोमासाठी, पी४० स्क्वेमससाठी (हे दोन्ही फुफ्फुसाच्या कॅन्सरचे प्रकार), सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन स्मॉल सेलसाठी. तरीही शंका राहिली तर टी-सेल रिसेप्टरची जीन टेस्ट दोन्ही ब्लॉकवर करतात, दोन्हीकडे एकच क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला गट) निघाला तर तो त्वचेतलाच आजार.

आणि हो, बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉइडच्या गोळ्या कोणी "खोकल्यासाठी" म्हणून देत असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. लिम्फोमा असेल तर तात्पुरता वितळतो आणि तुकड्यात काही सापडत नाही, टीबी असेल तर भडकतो.

जुन्या स्किन रिपोर्टात "फॉलिक्युलोट्रॉपिक" किंवा "लार्ज सेल ट्रान्सफॉर्मेशन" असे शब्द आहेत का ते बघून इथे लिहा. ते असतील तर माझं वरचं गणित थोडं बदलतं, आजार आत जायची शक्यता वाढते.

---

गोदेकाठची

पंचगंगाकाठ, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. माझ्या आईचं जवळपास असंच झालेलं, आम्ही नाशिकचे. आईला पण हाच त्वचेचा लिम्फोमा, ती पण मेथोट्रेक्सेटवर होती. तिला ताप आणि वजन कमी होणं सुरू झालं, सीटीमध्ये दोन्ही फुफ्फुसांत बारीक बारीक गाठी. सगळ्यांनी सांगितलं पसरलं. मामा तर गावाकडून सगळ्यांना बोलावून घ्या म्हणाले, इतकी घरात अवकळा आली होती.

आमच्या नशिबाने एक चेस्टच्या मॅडम भेटल्या, त्यांनी दुर्बिणीतून तपासणी केली (ब्रॉन्कोस्कोपी) आणि आतलं पाणी आणि तुकडा दोन्ही पाठवले. जीनएक्सपर्टमध्ये टीबी निघाला. रिफॅम्पिसिन चालणारा साधा टीबी. मेथोट्रेक्सेट थांबवलं, सहा महिने गोळ्या घेतल्या, सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या, आणि शेवटच्या सीटीत गाठी गेलेल्या. आई आज स्वतः भाजी आणायला जाते.

तेव्हाच केमो दिली असती तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही मला. टीबी अंगात असताना केमो. स्लाइडवाली ताई म्हणतायत ते अक्षर न् अक्षर करा.

---

डोंबिवलीफास्ट

वरच्या ताईंच्या आईचं चांगलं झालं, आनंद वाटला, पण म्हणून दुसऱ्या डॉक्टरांसारखं "टीबीच असेल, एकेटी देऊन बघू" करू नका प्लीज. माझ्या काकांना लिम्फोमा नव्हता, साधा खोकला आणि डाग. थुंकीत काही निघालं नाही तरी एकेटी सुरू केली, दोन महिन्यांनी डाग तसाच, म्हणाले अजून दोन महिने, मग गोळ्या बदलल्या. बायोप्सी होईपर्यंत कॅन्सर हाडात गेला होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. डॉक्टरांचं नाव घेत नाही, घेऊन आता काही उपयोग नाही.

नमुना न घेता टीबीची औषधं द्यायची नाहीत एवढंच सांगायचंय. टीबी निघाला तर खुशाल द्या.

---

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला दोन-तीन पोस्ट वाचून दाखवल्या, गोदेकाठची ताईंची पोस्ट परत वाचायला लावली तिने.

जुना रिपोर्ट बघितला, त्यात फॉलिक्युलोट्रॉपिक किंवा ट्रान्सफॉर्मेशन असं काही नाही. ब्लॉक लॅबकडे आहे, उद्या आणतो. बायोप्सीची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे.

अजून तीन शंका आहेत, विचारतो. एक, ते सुईने पसरतं हे खरं आहे का, घरी काय सांगू. दोन, अण्णांना एवढी लाइट ट्रीटमेंट झाली, आणि एका ठिकाणी इलेक्ट्रॉन बीम म्हणून पूर्ण अंगाला रेडिएशन पण सुचवलं होतं, ते आम्ही केलं नाही, पण अशा किरणांनी फुफ्फुसात कॅन्सर होतो का? आणि तीन, ज्यांना त्वचेचा लिम्फोमा आहे त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त होतो असं काही आहे का? तसं असेल तर आम्हाला सात वर्षांत कोणी छातीचा एक्स-रे काढायलाही कसं सांगितलं नाही?

---

चट्टेवाला डॉक्टर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, असे पेशंट थोडे असतात पण वर्षानुवर्षं आपल्याकडे येत राहतात त्यामुळे घरच्यासारखे होतात. तुमच्या शंका एकेक घेतो.

सुई. फुफ्फुसाच्या बायोप्सीत सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं इतकं विरळ आहे की त्या भीतीने बायोप्सी टाळणं म्हणजे पेशंटचं सरळ नुकसान. लोकांचा हा समज कुठून येतो तर बायोप्सी होते तोपर्यंत बऱ्याच जणांचा आजार आधीच पुढे गेलेला असतो, मग घरच्यांना वाटतं सुईनंतर वाढला. खरा धोका वेगळा आहे, तो सांगतो: फुफ्फुसाला सुईने बारीक छिद्र पडून छातीच्या पोकळीत हवा भरते, न्यूमोथोरॅक्स. साधारण चार-पाच जणांत एकाला थोडीफार हवा दिसते, त्यातल्या बहुतेकांना नुसतं काही तास देखरेखीखाली ठेवून पुन्हा एक्स-रे काढतात, मोजक्यांना नळी घालावी लागते. बिडीने फुफ्फुस खराब झालेलं असेल तर शक्यता थोडी जास्त. म्हणून त्या दिवशी दुपारीच इचलकरंजीला परत निघायची घाई करू नका. थोडं रक्त थुंकीत दिसू शकतं, घाबरू नका, फार आलं तर लगेच सांगा. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी कळवा.

किरणं. लाइट ट्रीटमेंट म्हणजे अतिनील किरणं, नॅरोबँड यूव्हीबी असेल तर ३११ नॅनोमीटरची, ती त्वचेच्या वरच्या थरातच संपतात, फुफ्फुसाचा प्रश्नच येत नाही. फार वर्षं पूवा (सोरालेन औषध देऊन यूव्हीए किरणं) घेतलं तर त्वचेच्या इतर कॅन्सरचा धोका वाढतो, तो भाग वेगळा. आणि इलेक्ट्रॉन बीमची पूर्ण अंगाची ट्रीटमेंट पण मुद्दाम अशी रचलेली असते की डोस त्वचेच्या वरच्या काही मिलिमीटरमध्येच बसतो, दोन सेंटिमीटर खोल जाईपर्यंत त्यातलं फार थोडं उरतं. उद्या चट्टे वाढले आणि परत कोणी इलेक्ट्रॉन बीम सुचवलं तर "फुफ्फुसाला त्रास होईल" म्हणून नाही म्हणू नका.

तिसरा प्रश्न मोठा आहे. हो, संबंध आहे. ज्या देशांत कॅन्सरच्या नोंदी नीट ठेवतात तिथे हे तपासलं गेलंय. फिनलंडमध्ये त्वचेच्या टी-सेल लिम्फोमाच्या पेशंटचा राष्ट्रीय कॅन्सर नोंदींशी मेळ घालून २००० साली अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या पेशंटना पुढे दुसरा कॅन्सर व्हायचं प्रमाण बाकीच्या लोकसंख्येपेक्षा जास्त निघालं, आणि त्यात फुफ्फुसाचा कॅन्सर आणि इतर लिम्फोमा हे ठळक होते. अमेरिकेतल्या नोंदींतही दुसऱ्या लिम्फोमाचं, विशेषतः हॉजकिनचं, प्रमाण जास्त सापडलं आहे.

कारण एकच असं बोट ठेवून सांगता येत नाही. या आजारात टी-पेशीच बिघडलेल्या असतात, आणि शरीरात इतरत्र उगवणाऱ्या कॅन्सरच्या पेशींवर पाळत ठेवायचं काम त्याच टी-पेशींचं असतं. आजार पुढे गेला की चांगल्या टी-पेशींची विविधताही कमी होत जाते. त्यात आपण मेथोट्रेक्सेटसारखी औषधं देतो. त्यात बिडी. आणि अजून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, हे पेशंट सतत डॉक्टरांकडे असतात, त्यांचे स्कॅन जास्त होतात, त्यामुळे इतरांत न सापडलेल्या गोष्टी यांच्यात सापडतात, म्हणून दिसणारा सगळाच फरक आजारामुळे असतो असंही नाही.

तुमचा राग मला समजतो. सुरुवातीच्या स्टेजच्या चट्ट्यांसाठी सगळ्यांना दर वर्षी सीटी करावा अशी पद्धत नाही, आणि स्टेज वन ए, म्हणजे दहा टक्क्यांपेक्षा कमी त्वचा, असलेल्यांचं आयुष्यमान तर बाकीच्या लोकांइतकंच असतं, त्यांना उगाच कॅन्सरच्या धसक्यात ठेवणं बरोबर नाही. पण ज्याने इतकी वर्षं बिडी ओढली आहे आणि ज्याला टी-सेल लिम्फोमा आहे, त्याच्या फुफ्फुसाकडे त्वचारोगवाल्यानेच लक्ष ठेवायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. अशा पेशंटला लो-डोस सीटीबद्दल विचारणं, खोकला बदलला का, वजन उतरलं का हे प्रत्येक व्हिजिटला विचारणं, हे आमचं काम आहे. पेशंट आमच्यासमोर शर्ट काढून उभा असतो, छातीला स्टेथो लावायला वेळ किती लागतो. आमच्या शाखेत हे कमी होतं हे मी मान्य करतो आणि बदलायला हवं.

---

टेम्सकाठी

मी लंडनला असतो, मला स्वतःला २०१९ पासून मायकोसिस फंगॉइडिस आहे. इथे सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्वचेच्या लिम्फोमाचं वेगळं क्लिनिक आहे, स्किनवाले, रक्ताच्या कॅन्सरवाले आणि रेडिएशनवाले मिळून केस बघतात, पॅथॉलॉजीचे रिपोर्टही त्याच टीमच्या मीटिंगमध्ये चर्चेला येतात. एक म्हणतो केमो आणि एक म्हणतो टीबी असं पेशंटला मधे लोंबकळत ठेवत नाहीत. तुमच्याकडे पण मोठ्या ठिकाणी ट्यूमर बोर्ड असतो, मागून घ्या. नुसता कागद घेऊन एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरण्यापेक्षा सगळ्यांना एका टेबलावर बसवलं की उत्तर लवकर मिळतं. अण्णांना खूप शुभेच्छा, आणि आईंना सांगा चट्ट्यांचा आजार घेऊन माणसं वर्षानुवर्षं नीट जगतात, मी नोकरी करतो, रविवारी क्रिकेट खेळतो.

---

परळमुक्कामी

ट्यूमर बोर्डाचा विषय निघाला म्हणून. टाटाला जायचं ठरलं तर जाताना ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही न्या, त्वचेचे पण आणि फुफ्फुसाचे पण, आणि सीटीची सीडी. तिथे बाहेरच्या रिपोर्टवर ट्रीटमेंट सुरू करत नाहीत, स्लाइड स्वतः बघतात. लगेच मुंबई जमत नसेल तर नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या (कॅन्सर हॉस्पिटलांचं देशभरातलं जाळं) 'नव्या' (Navya) या ऑनलाइन सेवेत कागद अपलोड करून तज्ज्ञांचं मत घेता येतं, घरबसल्या. राहायची सोय म्हणून दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, कॅन्सरचे पेशंट आणि नातेवाईक तिथे राहतात, पण जागेसाठी नंबर असतो, आधी चौकशी करा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि एका सोबत्याला तिकिटात सवलत असते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून मिळतो. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का ते ऑपरेशन ठरायच्या *आधी* विचारा, नंतर नाही, मंजुरी आधी लागते.

---

पंचगंगाकाठ

रिपोर्ट आला. लिहिताना हात थरथरतोय, पण लिहितो कारण तुम्ही सगळे विचारताय.

बायोप्सी नीट झाली, थोडी हवा दिसली पण नळी लागली नाही, एक रात्र ठेवून घेतलं. मी आधीच रेडिओलॉजिस्टना सलाइनचं सांगितलं, ते म्हणाले बरं झालं सांगितलंत. टीबीचं जीनएक्सपर्ट निगेटिव्ह, कल्चर अजून यायचंय. हिस्टोपॅथॉलॉजीमध्ये अडेनोकार्सिनोमा, टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, नॅप्सिन पॉझिटिव्ह. खाली लिहिलंय की आजूबाजूच्या टी-पेशी रिअ‍ॅक्टिव्ह आहेत, सीडी७ टिकून आहे, त्वचेच्या ब्लॉकशी तुलना केली, लिम्फोमाचा पुरावा नाही. म्हणजे फुफ्फुसाचा वेगळाच कॅन्सर.

पेट स्कॅनही झाला. फुफ्फुसातली गाठ चमकते, आणि दोन्ही जांघांत आणि काखेत पण गाठी चमकतायत, छातीच्या मध्यात एक लहान नोड हलका चमकतोय. त्या जांघेतल्या गाठींवरून परत कोणीतरी म्हणालं की म्हणजे सगळीकडे पसरलाय. आता हे काय नवीन?

---

स्लाइडवाली

दादा, निदान कॅन्सरचं आहे, त्यामुळे आनंद म्हणणार नाही, पण स्टेज फोर लिम्फोमा म्हणून आंधळी केमो सुरू झाली असती त्यापेक्षा ही जागा कितीतरी बरी आहे. २.४ सेंटिमीटरची गाठ आणि नोड खरंच मोकळे असतील तर हा अगदी सुरुवातीचा फुफ्फुसाचा कॅन्सर ठरतो, म्हणजे ऑपरेशन करून काढून टाकायचा. आणि हे मोतीबिंदूच्या एक्स-रेमुळे सापडलं.

जांघेतल्या आणि काखेतल्या गाठी. फुफ्फुसाचा कॅन्सर अशा दोन्ही जांघांत सारखा जाणं हे त्याच्या स्वभावात बसत नाही. आणि ज्यांची त्वचा वर्षानुवर्षं खाजते, चट्टे असतात, त्यांच्या जांघा-काखांतले नोड मोठे होतात, पेटमध्ये चमकतातही, त्यात कॅन्सर नसतानासुद्धा. त्याला डर्मॅटोपॅथिक नोड म्हणतात. ते डर्मॅटोपॅथिक आहेत की लिम्फोमा थोडा नोडमध्ये शिरलाय हे बघायचं असेल तर जांघेतला सगळ्यात मोठा नोड अख्खा काढून द्या, सोपं ऑपरेशन आहे, भूल जागेवर. पण खरा निर्णय त्या छातीच्या मधल्या लहान नोडवर आहे. तो एबसने, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते त्याने, सुई घालून तपासून घ्या. तिथे अडेनोकार्सिनोमाच्या पेशी निघाल्या तर ऑपरेशनचा विचार बदलतो, टीबीचे जुने ग्रॅन्युलोमा निघाले तर ती वेगळी गोष्ट (आपल्याकडे हे फार वेळा निघतं), नुसत्या लिम्फोसाइट्स निघाल्या तर मार्ग मोकळा. नुसत्या पेटच्या चमकेवर ऑपरेशन नाकारू देऊ नका.

ईजीएफआर आणि अल्कची (कॅन्सरच्या पेशींतल्या जीनच्या बदलांची) टेस्ट ब्लॉकवर आत्ताच लावा. आपल्याकडच्या अडेनोकार्सिनोमात साधारण चारातल्या एकाला ईजीएफआरचा बदल सापडतो, आणि ऑपरेशननंतर स्टेज थोडी वर निघाली तर गोळीचा पर्याय त्यावरच ठरतो.

एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते, फाइलवर पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहा: "त्वचेचा टी-सेल लिम्फोमा आहे". पुढे कधी इम्युनोथेरपीचं, पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब यांचं नाव निघालं तर ती औषधं टी-पेशींचेच ब्रेक सोडतात. त्वचेच्या लिम्फोमात त्यांचा फायदा झालेले पेशंटही आहेत, पण काहींची त्वचा भडकते, आणि अ‍ॅडल्ट टी-सेल ल्युकेमिया नावाच्या एका भावंड आजारात निव्होलुमॅबनंतर आजार झपाट्याने वाढल्याचं २०१८ साली नोंदवलं गेलंय. म्हणजे देऊच नये असं नाही, पण फुफ्फुसाच्या डॉक्टरांनी स्किनच्या डॉक्टरांशी बोलूनच द्यावं.

---

चट्टेवाला डॉक्टर

स्लाइडवाली मॅडमनी सगळं सांगितलंय, मी फक्त ऑपरेशनच्या तयारीतलं त्वचेचं बोलतो कारण ते कोणाच्या लक्षात राहत नाही. अण्णांच्या चट्ट्यांना भेगा असतील, ओलसर असतील तर त्यात स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू घर करून असतात, आणि आपल्या या पेशंटमध्ये मोठा त्रास बऱ्याचदा लिम्फोमापेक्षा या जंतूंच्या इन्फेक्शनचाच होतो. छाती उघडायच्या आधी नाकाचा आणि त्वचेचा स्वॅब, क्लोरहेक्सिडिनच्या साबणाने आंघोळ, आणि जिथे चिरा देणार त्या जागेवर चट्टा आहे का ते सर्जनला दाखवून ठेवा, असेल तर मलमाने आधी शांत करून घेता येतो. मेथोट्रेक्सेट ऑपरेशनआधी बंद करायचं की चालू ठेवायचं हे तुमच्या स्किनच्या डॉक्टरांनी आणि भूलतज्ज्ञांनी एकत्र ठरवू द्या, घरी स्वतःहून बंद करू नका. टीबीचं कल्चर यायला सहा आठवड्यांपर्यंत लागतात, त्यासाठी ऑपरेशन अडवून ठेवायची गरज सहसा पडत नाही पण रिपोर्ट घ्यायला विसरू नका. फुंकण्याची टेस्ट (पीएफटी) झाली का? झाली असेल तर आकडे इथे टाका, आणि तोपर्यंत फिजिओथेरपिस्टकडून ते तीन गोळे असलेलं, फुफ्फुसाच्या व्यायामाचं स्पायरोमीटर आणून रोज सकाळ-संध्याकाळ ओढायला लावा अण्णांना.

---

पंचगंगाकाठ

पीएफटी सोमवारी आहे, एबस गुरुवारी. स्पायरोमीटर आजच मिरजेहून आणलं, अण्णांचे दोन गोळे वर जातात, तिसरा अजून जात नाही. आकडे आले की टाकतो.